रंग हरवलेले ग्रिफिन

ऑक्सस खजिन्याचे फोटो मी कॉलेजात असल्यापासून जमवतो आहे, आणि दर वेळी नजर अडकते ती ग्रिफिनमुखी कड्यापाशी. सिंहाचे अंग, गरुडाचे पंख, डोक्यावर शिंगे. दोन ग्रिफिन समोरासमोर ठाकलेले. पुढचे पाय झेप घेताना उचललेले, मागचे मात्र कड्याच्या वळशावर नुसते उठावात. घडण प्राचीन इराणच्या हखामनी काळातली, इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकांतली. कडे पाठीमागे भरीव आणि तोंडांकडे पोकळ; भाग वेगवेगळे घडवून झाळलेले. ग्रिफिनांच्या अंगावर, पंखांवर बारीक कोंदणे आहेत आणि ती जवळजवळ सगळी रिकामी आहेत.

या जोडीतले एक कडे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तर दुसरे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या मालकीचे. दुसऱ्याचा प्रवास ब्रिटिश म्युझियमच्या ऑर्मंड डाल्टनने खजिन्याच्या १९०५ सालच्या कॅटलॉगात नोंदवून ठेवला आहे.

१८८० चा मे महिना, दुसरे अफगाण युद्ध चालू. बुखाऱ्याचे तीन व्यापारी आमू दर्याकाठी, म्हणजे ऑक्ससकाठी, सापडलेले सोने विकत घेऊन काबूलहून पेशावरकडे निघाले होते. वाटेत टोळीवाल्यांनी त्यांना मालासकट पळवले. त्यांचा एक नोकर निसटला आणि सेहबाबा इथे कॅप्टन बर्टन या ब्रिटिश पोलिटिकल ऑफिसरपुढे जाऊन उभा राहिला. बर्टन दोन ऑर्डर्ली घेऊन लगेच निघाला. मध्यरात्रीच्या सुमारास लुटारू एका गुहेत सापडले, तेव्हा वाटणीवरून त्यांची आपसातच जुंपली होती. चौघे जखमी होऊन पडलेले. बर्टनने बोलाचाली करून बराच माल सोडवला. मग फौज आणण्याची धमकी दिल्यावर आणखी काही परत आला, तरी सगळा नाहीच. सुटलेल्या व्यापाऱ्यांनी कृतज्ञतेपोटी हे कडे त्याला विकत घेऊ दिले. १८८४ साली आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या म्युझियमने ते १,००० पौंडांना घेतले.

बर्टनच्या धाडसाबद्दल मला आदरच आहे. पण संशोधनाच्या दृष्टीने त्या गुहेतली वाटणी फार महागात पडली. कोणती वस्तू नदीकाठची आणि कोणती वाटेत मिसळलेली, हा हिशेब तिथे कायमचा मोडला. उरलेला माल रावळपिंडीच्या बाजारात गेला. तिथून अलेक्झांडर कनिंगहॅम आणि ऑगस्टस फ्रँक्स यांच्या संग्रहांत, आणि फ्रँक्सच्या मृत्युपत्राने १८९७ साली ब्रिटिश म्युझियममध्ये. रावळपिंडीत या वस्तूंच्या नकलाही घडवल्या गेल्या, तेव्हा संशयाला जागा राहिलीच.

त्या संशयाला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या ऑस्कर व्हाइट मस्करेलाने धार दिली. उत्खननाची नोंद नसलेल्या वस्तूंना एका खजिन्याचे नाव देऊन त्यावर इतिहास उभारू नका, हा त्याचा आग्रह. उलट ताजिकिस्तानातल्या तख्त-ए-संगीनचे मंदिर खणणाऱ्या पिचिक्यानने हा सगळा ऐवज त्याच मंदिरातला असल्याचे मांडले. मला मस्करेलाचे म्हणणे पटते, पण कड्यांपुरते नाही. पर्सेपोलिसच्या अपादान महालाच्या जिन्यावर नजराणे आणणाऱ्यांची रांग कोरलेली आहे, आणि त्यातल्या काहींच्या हातांत अशीच प्राणिमुखी कडी आहेत. त्या दगडात रावळपिंडीच्या कुणा सोनाराने काही घुसडलेले नाही. ग्रीक लेखक झेनोफोननेही इराणी दरबारातून मिळणाऱ्या मानाच्या वस्तूंमध्ये सोन्याची सरी, कडी, सोन्याच्या लगामाचा घोडा आणि इराणी पोशाख सांगितला आहे. कडे खरे, खजिन्याची कहाणी मात्र तपासून घ्यावी, असे माझे मत.

आणि ती रिकामी कोंदणे? त्यांचे उत्तर इराणमधल्या सूसात मिळते. १९०१ साली जाक द मॉर्गनला तिथल्या गढीच्या टेकाडात काशाची शवपेटी सापडली. आत सांगाडा, त्याच्या अंगावर सिंहमुखी सरी आणि सिंहमुखी कडी. सोबत अराडोसची चांदीची नाणी, त्यामुळे काळ पक्का: इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाचा मध्य, अलेक्झांडर येण्याच्या थोडा आधीचा. हे दागिने आता लूव्रमध्ये आहेत. त्यांतले लाजवर्द, पेरोज आणि शिंपल्याचे तुकडे बऱ्याच ठिकाणी जागच्या जागी आहेत, निळे, हिरवट आणि पांढरे. हखामनी सोनार म्हणजे नुसत्या पिवळ्या सोन्याची भव्यता, हा समज आपण जडाव गळून पडलेल्या दागिन्यांवरून करून घेतला आहे. ऑक्ससच्या ग्रिफिनांच्या कोंदणांतही रंगीत खडे किंवा काच बसवलेली होती. म्युझियमने मूळ कड्याशेजारी त्याची रंग भरलेली प्रतिकृती ठेवली, तर राजाने दिलेला हा मान दरबारात कसा झळकत असेल, हे पाहणाऱ्याला तिथेच कळेल.