डूड रँच

डूड रँच : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागातील पशुपालन क्षेत्रावरील (रँचवरील) अतिथिनिवास. येथे उतरलेले पाहुणे मार्गदर्शकाबरोबर लहान लहान तुकड्यांनी घोड्यांवरून रपेट करून परिसरातील डोंगर, कुरणे व अरण्ये पाहतात. ‘डूड’ म्हणजे शहरी, छानछोकी माणूस. गुराख्यांनी थट्टेने वापरलेला हा शब्द पुढे व्यवसायालाच चिकटला. वायोमिंग, माँटॅना व कोलोरॅडो या राज्यांत अशा रँच विशेषेकरून आढळतात.

व्यवसायाचा उगम आतिथ्यात आहे. पिट्सबर्गच्या हॉवर्ड, विलिस व ऑल्डन या ईटन बंधूंनी १८७९ च्या सुमारास डकोटा प्रदेशात मेडोराजवळ रँच उभारली. पूर्वेकडील स्नेही तेथे येऊन दीर्घकाळ राहू लागले व १८८२ पासून त्यांच्याकडून पैसे घेण्याचा प्रघात पडला. १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात उत्तरेकडील कुरणांवर गुरे प्रचंड संख्येने मेली. केवळ गुरांवर विसंबणे किती धोक्याचे आहे हे त्यामुळे उघड झाले आणि पाहुण्यांचे उत्पन्न अनेक रँचना आधारभूत ठरले. १९०४ मध्ये ईटन बंधूंनी वायोमिंगमध्ये शेरिडनजवळ, बिगहॉर्न पर्वताच्या पायथ्याशी स्थलांतर केले. हॉवर्ड ईटन मोठी पथके घेऊन यलोस्टोन व ग्लेशियर या राष्ट्रीय उद्यानांत जात असे; १९१५ च्या ग्लेशियर सफरीवर मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट या लेखिकेने पुस्तक लिहिले. त्याच वर्षी यलोस्टोनमध्ये मोटारींना प्रवेश मिळाला. तेथील घोडवाटेला १९२३ मध्ये हॉवर्ड ईटनचे नाव देण्यात आले. रँचमालकांची संघटना १९२६ मध्ये माँटॅनातील बिलिंग्झ येथे स्थापन झाली. पाहुणे आणून सोडणाऱ्या रेल्वे कंपन्यांचाही या वाढीत स्वार्थ होता.

सामुदायिक रपेटीत घोडे एकामागून एक चालतात. घोडा हा कळपात राहणारा प्राणी असल्याने नवख्या स्वाराला लगाम नीट हाताळता आला नाही, तरी तो पुढच्या घोड्यामागे जातो. सुरक्षितता बहुतांशी या स्वभावावर अवलंबून असते, धोकाही त्यातूनच उद्‌भवतो : मागे पडलेला घोडा एकाएकी दुडक्या चालीने धावू लागतो व बेसावध स्वार खाली येतो. म्हणून दोन घोड्यांमध्ये किमान एका घोड्याच्या लांबीइतके अंतर राखतात. आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्याचे मागील खूर दिसले पाहिजेत, ही त्याची सोपी खूण. लाथ मारण्याची खोड असलेल्या घोड्याच्या शेपटीला तांबडी फीत बांधतात. मार्गदर्शक सर्वांत पुढे व त्याचा साहाय्यक सर्वांत मागे असतो. चढावर स्वाराने किंचित पुढे झुकावे, उतारावर ताठ बसावे.

पाश्चिमात्य खोगीर मूळ गुराख्यांच्या कामासाठी घडलेले आहे. त्याच्या पुढील खुंटीचा उपयोग फासाचा दोर अडकविण्याकडे होई. नवख्यांना आता ती हाताच्या आधाराची वाटते. तंग आवळताना काही घोडे पोट फुगवितात, त्यामुळे थोडे चालल्यानंतर तो पुन्हा तपासावा लागतो. या साध्या तपासणीकडे दुर्लक्ष झाल्यास खोगीर ऐन उतारावर कलंडते.

घोड्यावरील भार, खोगिरासह, त्याच्या वजनाच्या सु. २०% हून अधिक नसावा, असा संकेत आहे. म्हणजे ५०० किग्रॅ. वजनाच्या घोड्यावर १०० किग्रॅ. पाठीवरील जखमा व लंगडेपणा यांची काळजी न घेणाऱ्या रँचचा नावलौकिक टिकत नाही [→ घोडा]. नाल ठोकलेल्या खुरांमुळे ओल्या वाटांची धूप होते आणि लिदीतून तणांचे बी पसरते. याकरिता राष्ट्रीय अरण्यांत व्यावसायिक सफरींना वनखात्याचा परवाना लागतो, तसेच अनेक ठिकाणी तणमुक्त प्रमाणित चाराच न्यावा लागतो.

महाराष्ट्रात माथेरान येथे खाजगी मोटारींना गावात मज्जाव असल्याने घोडा हे वाहतुकीचेही साधन आहे. मात्र तेथे घोडेवाला बहुधा पायी सोबत चालतो आणि स्वाराकडे लगामाची जबाबदारी क्वचितच येते.