डिस्क उठेना! (भाग ९) : फाइल आली, फॉन्ट राहिला तिकडेच

पार्टिशन टेबलचे ६४ बाइट हाताने पुन्हा कसे उभे करायचे, ते आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. टेबल कुठे पळून जात नाही, आणि डिस्कची इमेज तुम्ही एव्हाना काढून ठेवलेली असेलच. मध्येच सांगलीहून एका छापखानेवाल्यांचं पत्र आलंय. त्यांचा प्रश्न मराठीत काम करणाऱ्या निम्म्या लोकांना कधी ना कधी पडतो, आणि इंग्रजी पुस्तकांत त्याचं उत्तर सापडत नाही.

त्यांनी सगळं शिस्तीत केलं. बंद पडलेल्या मशीनमधली डिस्क काढली, लाइव्ह लिनक्सवर रीड-ओन्ली जोडली, डी ड्राइव्ह आणि माय डॉक्युमेंट्स जसंच्या तसं उतरवलं. नव्या लॅपटॉपवर वर्डच्या फाइली उघडतातही. पण आत नुसती इंग्रजी अक्षरं, मधूनच चौकोन आणि फ्रेंच वाटावेत असे टोपीवाले स्वर. 'डिस्कनं मॅटर फोडलं का?' असं ते विचारतात.

नाही हो. मॅटर शाबूत आहे. युनिकोड घरोघरी पोचण्याआधीचं मराठी टंकन ही एक हातचलाखी होती. श्रीलिपी, आयएसएम, आकृती, कृतिदेव, शिवाजी या सगळ्यांनी एकच केलं. फॉन्टमधल्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेवमध्ये 'मराठी' टंका; फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं जाऊन बसतात. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना. हे फक्त त्या फॉन्टला ठाऊक असतं, फाइलला नाही. शिवाय प्रत्येक कंपनीनं तुकडे आपापल्या मर्जीनं मांडले, त्यामुळे कृतिदेवची फाइल श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये उघडली की वेगळ्याच जातीचा गोंधळ दिसतो.

डिस्कनं खरंच फाइल खाल्ली असेल तर ती वेगळी दिसते. डॉकएक्स फाइल ही आतून झिप असते आणि झिपमध्ये प्रत्येक घटकाची सीआरसी बेरीज नोंदलेली असते. एखादा बाइट बिघडला तरी वर्ड बहुधा कुरकुर करतं. जुनी डॉक फाइल इतकी काटेकोर नसते. ती अर्ध्यावर तुटते, नाहीतर मध्येच रिकामी पानं दाखवते. फॉन्ट हरवलेल्या फाइलचं तसं नसतं. परिच्छेद जागच्या जागी, शब्दांमधली अंतरं ठीक, आणि तीच चार-पाच अक्षरांची जुडी ओळीओळीला पुन्हा पुन्हा येते. ती जुडी म्हणजे 'आणि' किंवा 'आहे'. असं दिसलं की निर्धास्त व्हा.

मग तो जंक मजकूर निवडा आणि वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत बघा. फॉन्ट मशीनवर नसला तरी त्याचं नाव तिथे दिसतं. फाइल स्वतःच सांगते की तिला काय हवंय. पेजमेकर फाइल उघडतानाच हरवलेल्या फॉन्टची यादी पुढे करतो आणि बदली सुचवतो. ती बदली तात्पुरतीच ठेवा. वर्डमध्येही बदली कायम करण्याचं बटण आहे, त्याला हात लावू नका. फॉन्टचं मूळ नाव पुसून फाइल सेव्ह झाली की कोणता फॉन्ट हवा होता हे सांगणारा एकमेव साक्षीदार गेला.

आता फॉन्ट आणायचा कुठून? त्याच डिस्कवरून! इथेच लोक चुकतात. 'विंडोज तर नव्यानं टाकायचंच आहे' म्हणून विंडोजच्या फोल्डरकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि 'सगळं' उतरवलं म्हणत डिस्क फॉरमॅट करून मोकळे होतात. मराठी मशीनचा अर्धा ऐवज सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत, फॉन्ट्स या फोल्डरमध्ये असतो. विंडोज २००० असेल तर विंडोजऐवजी विन-एनटी नावाचं फोल्डर शोधा. विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांत एकट्या वापरकर्त्यापुरता टाकलेला फॉन्ट त्याच्या ॲपडेटामध्ये खोल दडलेला असतो, तिथेही बघा. छापखान्यांच्या जुन्या मशीनवर पीएसफॉन्ट्स नावाचं फोल्डर हमखास सापडतं. त्यातले टाइप १ फॉन्ट जपून ठेवा, पण अडोबीने जानेवारी २०२३ पासून त्यांना आपल्या सॉफ्टवेअरमधून रजा दिली आहे. ते वापरायला जुनं मशीनच लागेल.

फाइल सिस्टिमच कोलमडली असेल तर डिस्कवरून फाइली शोधून काढणारा फोटोरेक आहेच. त्याच्या फाइल-प्रकारांच्या यादीत टीटीएफची, म्हणजे फॉन्टची, खूण तेवढी काढू नका. फॉन्ट मिळतील ते एफ आणि पुढे आकडे अशा बिननावी फाइली होऊन. घाबरायचं कारण नाही. फॉन्टचं खरं नाव त्याच्या पोटातल्या 'नेम' तक्त्यात असतं. फाइलवर डबल क्लिक केलं की वर दिसतं. वर्डनं सांगितलेल्या नावाशी ते जुळवा आणि तेवढाच फॉन्ट टाका. वाचायला एवढं पुरतं. टंकायला मात्र बऱ्याचदा मूळ सॉफ्टवेअर लागेल, आणि त्याचं लॉक (डोंगल) कुठल्या खणात आहे हे तुम्हालाच ठाऊक.

त्याच कामाची पीडीएफ सापडली तर फारच छान. पीडीएफमध्ये फॉन्ट बहुधा आतच बांधलेला असतो, म्हणून ती कुठेही नीट दिसते. मजकूर कॉपी केला तर मात्र पुन्हा तोच जंक हाती येतो.

छापखानेवाल्यांचा दुसरा प्रश्न : सगळं एकदाच युनिकोडमध्ये बदलून टाकू का? जरूर बदला, पण मूळ फाइली वेगळ्या ठेवून. कन्व्हर्टरचं खरं काम अक्षराला अक्षर बदलण्याचं नाही, जागा बदलण्याचं आहे. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर साठवला जातो, युनिकोडमध्ये उलट. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये त्याच्या आधी. साधे शब्द कोणताही कन्व्हर्टर बदलतो. अडतो तो रफार आणि वेलांटी एकाच जोडाक्षरावर आली की. म्हणून बदललेली फाइल वरवर चाळू नका. 'आर्थिक', 'धार्मिक', 'वार्षिक' हे तीन शब्द शोधा. ते तिन्ही नीट आले, तरच उरलेल्या फोल्डरांवर कन्व्हर्टर चालवा.