शक्ति-सुकाणूतील तेलगळती
सुकाणू चक्र वळविण्यास द्रवीय दाबाचे साहाय्य देणारी ही यंत्रणा विक्रीच्या मोटारगाडीत प्रथम १९५१ मध्ये, क्रायस्लर इंपीरियलमध्ये, आली. पंप तेलाचा दाब दर चौ. सेंमी.स सु. ७० किग्रॅ.पर्यंत नेत असल्याने जुन्या गाडीतील कडक झालेल्या रबरी नळ्या व ऑइल सील पाझरतात. तेल ओघळून भलतीकडेच ठिबकते. म्हणून यंत्रणा पुसून, एंजिन चालू ठेवून सर्वांत वरचा ओला भाग पाहतात. हाताने चाचपणे घातक असते. सूक्ष्म छिद्रातील धार त्वचा भेदते. दंडावर खाच पडली असल्यास नवे सीलही गळते व दोष मात्र सीलवर येतो. दुरुस्तीनंतर पुढील चाके उचलून, एंजिन बंद ठेवून सुकाणू चक्र दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवितात, म्हणजे तेलातील हवा निघून जाते. फेस राहिल्यास पंपाच्या शोषण बाजूने हवा शिरत असते.