विश्लेषण : पार्किन्सनच्या रुग्णांची लाळ का गळते? पाणी पितानाही ठसका का लागतो?

हात थरथरणे ही पार्किन्सनची सर्वांना ठाऊक असलेली खूण. सकाळी उशी ओली दिसणे, पाणी पिताना ठसका लागणे याकडे मात्र ‘वय झाले’ म्हणून काणाडोळा होतो. प्रत्यक्षात जिवाला धोका थरथरीपेक्षा गिळण्यातल्या अडचणीमुळे अधिक असतो.

लाळ जास्त तयार होते का?

नाही. अनेक रुग्णांत ती उलट कमीच होते. निरोगी माणूस दिवसभरात तयार होणारी साधारण एक लिटर लाळ नकळत गिळत असतो. पार्किन्सनमध्ये मेंदूतील डोपामिन घटते आणि अशा आपोआप होणाऱ्या हालचाली मंदावतात. पापण्यांची उघडझाप, चालताना हात हलणे, तसेच हे गिळणे. लाळ साचते आणि मान झुकलेली, ओठ सैल असले की बाहेर येते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मधील निबंधातही हे लक्षण नोंदवले होते.

खरा धोका कोणता?

अन्न, पाणी किंवा लाळ श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया. या रुग्णांच्या मृत्यूचे ते एक प्रमुख कारण आहे. ठसका लागत नाही म्हणजे सारे ठीक, असेही नाही; घशाची संवेदना कमी झाल्यास काहीच न जाणवता पाणी फुप्फुसात उतरते. जेवल्यावर आवाज ओलसर, घोगरा होणे, जेवण तासभर लांबणे, वजन घटणे, वारंवार ताप येणे या खुणा म्हणूनच महत्त्वाच्या. अनेकांना भाकरीपेक्षा पाणी अवघड जाते, कारण ते घशातून वेगाने घसरते. चुरमुरे आणि रस्सा-फोडी एकत्र असलेली भाजीही त्रासाची.

उपाय काय?

आधी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी. पाणी दाट करायचे की नाही, मान कशी ठेवायची हे त्यानंतरच ठरवावे. शेजाऱ्याला लागू पडलेली युक्ती इथे घातक ठरू शकते. गिळणे सुरक्षित असेल तर साखरविरहित च्युइंगगम चघळल्याने गिळण्याची आठवण राहते. लाळग्रंथींत बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शनही देतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा दोन औषधांना २०१८ व २०१९ मध्ये मान्यता दिली. लाळ आटवणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांत गोंधळ, भास, बद्धकोष्ठता वाढते. जेवण शक्यतो लेव्होडोपाचा असर असताना, ताठ बसून, टीव्ही बंद ठेवून. दात आणि जीभ रोज स्वच्छ हवीत, कारण लाळेबरोबर तोंडातले जंतूही फुप्फुसात जातात. गोळी गिळवत नसेल तर परस्पर कुटू नये. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्यास सगळा डोस एकदम अंगात जातो.