कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

सरकारी तक्त्यात सांगण्यासारखे काही नसले, तर 'निरंक' असे लिहितात. रकाना कोरा सोडत नाहीत. हवामानाच्या नोंदींत या फरकाला फार महत्त्व आहे. पावसाच्या वहीत शून्य असेल, तर कुणीतरी पर्जन्यमापक पाहिला आणि तो कोरडा होता. रकाना कोरा असेल, तर त्या दिवसाचे काहीच कळत नाही. संगणकात भरताना कोऱ्या जागी शून्य पडले, की मुसळधार पावसाचा महिनाही दुष्काळी ठरतो.

मग हरवलेली नोंद शेजारच्या केंद्रावरून अंदाजाने भरावी का? २६ जुलै २००५ आठवून पाहा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३! सांताक्रूझचे पान हरवले असते आणि ते आपण कुलाब्यावरून भरले असते, तर एवढा प्रलय कागदावरून पुसला गेला असता. गटारे, पूल, धरणांचे सांडवे यांचे आराखडे जुन्या पावसाच्या आकड्यांवर बेततात. म्हणून मला वाटते, हरवलेली नोंद आधी शोधावी. अंदाजाने भरावीच लागली, तर तो अंदाज आहे असे शेजारी लिहावे.

शोधायची कुठे? संगणकात नसलेली नोंद पुष्कळदा कागदावर असते. ब्रिटनच्या हवामान खात्याकडे १६७७ ते १९६० या काळातल्या मासिक पावसाचे सुमारे ६५ हजार हस्तलिखित कागद होते. त्यांच्या प्रतिमा संगणकात होत्या, पण त्यावरचे आकडे हिशेबात घेता येत नव्हते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा रेडिंग विद्यापीठाचे प्रा. एड हॉकिन्स यांनी लोकांना हाक दिली. सुमारे १६ हजार स्वयंसेवकांनी घरी बसून १६ दिवसांत ५२ लाख आकडे उतरवले.

उतरवताना चुका होणारच. म्हणून एकच आकडा अनेकांकडून उतरवून घेतला. बारा महिन्यांची बेरीज कागदावरच्या वार्षिक बेरजेशी ताडून पाहिली. आपला वाणीही खातेवही अशीच तपासतो! या खटाटोपातून ब्रिटनची पावसाची अधिकृत मालिका १८६२ वरून १८३६ पर्यंत मागे गेली. तिथले सर्वांत कोरडे वर्ष १८८७ मानले जाई, तो मान १८५५ कडे गेला. पाणीटंचाई किती टोकाला जाऊ शकते, याचे मापच बदलले.

आपल्याकडेही शेतकऱ्याच्या घरी, शाळेत किंवा साखर कारखान्यात पावसाची जुनी वही असू शकते. ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या. मापक कुठे होता, आकडे इंचात आहेत की मिलिमीटरमध्ये, हे लिहून ठेवा. प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. आणि कोरे रकाने कोरेच राहू द्या.