तेरची हस्तिदंती बाहुली आणि घरातला पितळी बिल्ला

वस्तुसंग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजेमहाराजांच्या तलवारी, चिलखते आणि सिंहासने उभी राहतात. शाळेच्या सहलीत आपण रांगेने आत जातो, रांगेने बाहेर येतो आणि ‘फार जुने होते’ एवढेच घरी येऊन सांगतो. आम्हीही बरीच वर्षे तसेच पाहत आलो. परंतु सोलापूरहून धाराशिवमार्गे तेरला जाऊन तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहिले आणि आमचा हा समज बदलला. मातीचे दिवे, शंखाच्या बांगड्या, रंगीत मणी, लहान मुलांची खेळणी, भांड्यांची खापरे अशा साध्या माणसांच्या घरातल्या वस्तू तेथे मोठ्या संख्येने आहेत. त्या पाहताना जे विचार मनात आले ते सभासद व विद्यार्थ्यांपुढे मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तेर म्हणजेच तगर

तेरणा नदीच्या काठचे तेर आज संत गोरोबा कुंभारांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पुस्तकात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर असल्याचे नमूद आहे. तगरचा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जात असे. हा माल कोणता? मुख्यतः कापड! जाडेभरडे कापड आणि तलम मलमल. चादरी व टॉवेलांसाठी जगभर नाव असलेल्या आपल्या सोलापूरकरांना हे वाचून आनंद झाल्याशिवाय राहणार नाही. याच गावच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले आहेत.

कापड मातीत टिकत नाही. तगरच्या विणकराचे एकही ठाण आज उरलेले नाही. पण त्या व्यापाराच्या बदल्यात जे आले त्याच्या खुणा टिकल्या. रोमन नाण्यांच्या मातीत केलेल्या नकला तेरला सापडल्या आहेत. गळ्यात अडकविता याव्यात अशी त्यांची घडण आहे. सोन्याचे नाणे ज्याला परवडत नव्हते त्याने त्याची मातीची नक्कल गळ्यात घालून हौस भागविली असावी, असे आम्हांला वाटते. परदेशी वस्तूंची आवड काही आजची नाही.

एक बाहुली, दोन संग्रहालये

या संग्रहालयातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंतात कोरलेली स्त्रीची मूर्ती. ती वीतभरही उंच नाही. अंगावर दागिने, केसांची सुबक रचना आणि कोरीव काम इतके बारीक की पाहणाऱ्याने वाकूनच पाहावे. ती आरशाची मूठ असावी, असे मानले जाते. म्हणजे ही पूजेची मूर्ती नव्हे, तर कोणा स्त्रीच्या रोजच्या वापरातली वस्तू होय.

आता इटलीकडे वळू. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पाँपेई हे रोमन शहर राखेखाली गाडले गेले. १९३८ मध्ये तेथील एका घराच्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिची घडण भारतीय असून तेरच्या बाहुलीशी तिचे जवळचे साम्य आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही अशाच हस्तिदंती मूर्तीचा भाग सापडला आहे. पाँपेईची मूर्ती नेमकी कोठे घडली याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तिच्यावर खरोष्ठी लिपीतले अक्षर असल्याने काहीजण उत्तरेकडे बोट दाखवितात, तर काहीजण तेर-भोकरदन भागाकडे. वाद राहो. पण इ. स. ७९ पूर्वी भारतीय कारागिराच्या हातची वस्तू समुद्रापार एका रोमन घरात पोचली होती, एवढे पक्के. त्या कारागिराचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही. त्याच्या हातच्या कामाने मात्र दोन हजार वर्षे साक्ष दिली.

वस्तू बोलते केव्हा?

येथे आमच्या कारकुनी डोक्यात एक प्रश्न आला. पाँपेईच्या मूर्तीचा काळ इतक्या खात्रीने का सांगता येतो? कारण ती कोणत्या घरात, कोणत्या थरात, कोणत्या साली मिळाली याची नोंद आहे. उलट, तीच मूर्ती चोरबाजारात सापडली असती तर ती केवळ एक सुंदर बाहुली ठरली असती.

बँकेत आम्ही रोज पाहतो की, पैसे कितीही खरे असले तरी व्हाऊचर नसेल तर ते कोणाच्या खात्यावर जमा करावयाचे हे कळत नाही. संग्रहालयाचेही तसेच आहे. वस्तू दाखल झाली की तिला क्रमांक मिळतो आणि नोंदवहीत ती कोणी दिली, कोठे मिळाली, कशाची आहे, मोजमाप काय, हे लिहिले जाते. ही नोंदवही म्हणजे संग्रहालयाची खतावणी. ती हरवली तर कपाटातल्या वस्तू मुक्या होतात.

आपल्या लेण्यांतील दात्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दान देणाऱ्यांची नावे व गावे कोरलेली आहेत. त्यांत यवन म्हणजे परदेशी मूळ असलेले लोक आहेत. प्रवेशद्वाराच्या कामाशी धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव जोडलेले आहे. तो राजा नव्हता, सेनापती नव्हता. नाव लिहिले गेले म्हणून तो आज आपल्याला माहीत आहे.

अडकित्त्यांचेही संग्रहालय होते

साध्या वस्तूंचे मोल ओळखणारी माणसे जगात सर्वत्र झाली. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०), म्हणजेच कवी ‘अज्ञातवासी’, यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, फण्या, भांडी, कोरीव दरवाजे गोळा केले. लहानपणीच वारलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे १८८४ मध्ये स्थापन झालेल्या पिट रिव्हर्स संग्रहालयात वस्तू देशवार न मांडता प्रकारवार मांडल्या आहेत. एकाच प्रकारच्या निरनिराळ्या देशांतील वस्तू तेथे शेजारीशेजारी दिसतात. माणसाच्या गरजा सर्वत्र सारख्या आणि त्या भागविण्याच्या तऱ्हा मात्र निरनिराळ्या, हे तेथे न सांगता कळते. जपानमध्ये टोकियो येथे १९३६ साली यानागी सोएत्सू यांनी केवळ लोककारागिरांच्या रोजच्या वापरातील वस्तूंसाठी संग्रहालय उघडले.

आपल्या जिव्हाळ्याचे उदाहरण द्यावयाचे तर पुण्यात सिंबायोसिस संस्थेच्या संग्रहालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची खुर्ची, पलंग, कपडे व व्हायोलिन जतन केले आहे. नागपूरजवळ चिंचोलीच्या शांतिवनात त्यांचा टाइपरायटर व कपडे आहेत. ग्रंथांतून बाबासाहेबांचे विचार समजतात. त्यांचे व्हायोलिन पाहिले की अहोरात्र काम करणारा हा माणूस थकत असेल, क्षणभर विसावत असेल, हे मनाला भिडते.

आमचा बिल्ला

थोर पुरुषांच्या वस्तू जपल्या गेल्या. आपल्या वाडवडिलांच्या वस्तूंचे काय?

सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढे हजारो घरे गिरण्यांच्या भोंग्यावर चालली. आमचे वडील त्यांपैकी एका गिरणीत होते. त्यांचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला आमच्या घरी खुंटीला असे. जुने घर सोडताना आईचे हंडे, तांबे, पराती यांच्याबरोबर तो बिल्लाही आम्ही मोडीत घातला आणि त्या पैशांत नवा कुकर घेतला. आईने त्यावेळी फक्त एवढेच विचारले, “बिल्ला पण दिलास का रे?” आम्ही उत्तर दिले नाही. बिल्ल्याचे वजन दुकानदाराच्या पावतीत आले असेल. तो कोणाचा होता, हे मात्र कोठेच आले नाही. गिरण्या बंद पडल्या, वडील गेले. आज नातवंडांना ‘तुमचे आजोबा गिरणीत होते’ असे सांगतो तेव्हा हातात दाखवायला काही नाही.

म्हणून सभासदांना व विद्यार्थ्यांना आमची नम्र सूचना आहे :

१) घरातील जाते, बिल्ला, जुनी पत्रे, छायाचित्रे, १९५६ च्या दीक्षेच्या वेळी नेसलेले पांढरे लुगडे, जे काही असेल ते मोडीत किंवा रद्दीत घालण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे.

२) वस्तू कोणाची, कोठली, केव्हाची, कशासाठी वापरली, हे एका वहीत लिहावे. वस्तूला क्रमांक द्यावा व तोच वहीत घालावा.

३) पितळ घासून लखलखीत करू नये. जुन्या कागदांना लॅमिनेशन करू नये, त्याने ते कायमचे बिघडतात. कापड उन्हापासून व ओलीपासून दूर, धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावे.

४) विद्यार्थ्यांनी सुटीत तेर अवश्य पाहावे, आणि नुसते पाहू नये तर एका वस्तूविषयी पानभर लिहून आणावे.

यासाठी मोठी इमारत लागत नाही. संस्थेच्या वाचनालयातील एक कपाट आणि शंभर पानी वही पुरेशी आहे. त्या वहीतली पहिली नोंद करावयास आमच्याजवळ बिल्ला उरलेला नाही. तो ज्यांच्या घरी अजून खुंटीला आहे, त्यांनी तो आजच उतरवून त्याची नोंद करून ठेवावी.