ओंडक्यापासून कण्यापर्यंत : ब्रांकुशीचा स्तंभ आणि इंदूरचं न झालेलं मंदिर

(उंब्रज येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

विषय शिल्पकलेचा आहे, पण सुरुवात आपण बैलगाडीच्या चाकापासून करू. कृष्णा-तारळीच्या या काठावर आता गाड्या कमी झाल्या, तरी इथल्या वडीलधाऱ्यांनी चाक भरताना पाहिलेलं असणार. मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे आणि आऱ्यांच्या टोकांना घेराचे वाकलेले लाकडी तुकडे. सगळे तुकडे एका मापाचे. नुसते जुळवून ठेवले तर पहिल्याच धोंड्यावर सुटतील. म्हणून लोहार लोखंडाची धाव तापवतो, ती फुगते, मग चाकावर चढवून वर पाणी ओततात. धाव आवळते आणि तुकड्यांचं चाक होतं.

एकाच मापाचा, पुन्हा पुन्हा येणारा, वेगळा काढता येणारा तुकडा म्हणजे मोड्यूल. लाकडाचे तुकडे आणि त्यांना धरणारं लोखंड हीच गोष्ट विसाव्या शतकातल्या एका मोठ्या शिल्पकाराला सुमारे वीस वर्षं पुरली. त्याचं नाव कॉन्स्टंटिन ब्रांकुशी. जन्म 1876, रुमानियातल्या होबित्सा गावचा, पुढे मुक्काम पॅरिसला. आणि हा माणूस एका मराठी राजासाठी हिंदुस्थानात येऊन गेला, म्हणून आज त्याच्याबद्दल बोलायचं.

ब्रांकुशी आपल्या शिल्पांची बैठक स्वतःच घडवायचा. त्या बैठकांमध्ये एक आकार वारंवार दिसतो : मधे फुगलेला, वर आणि खाली निमुळता. दोन डमरू एकावर एक ठेवले तर मधल्या भागात जो आकार दिसेल, तसा. एके दिवशी त्याने बैठकीवरचं शिल्प काढून टाकलं आणि बैठकीलाच शिल्प केलं. 1918 सालचा त्याचा ओकच्या लाकडाचा ‘अंतहीन स्तंभ’ दोन मीटरच्या थोडा वर आहे, आज तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. 1920 मध्ये छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनच्या फ्रान्समधल्या बागेत त्याने सुमारे सात मीटरचा स्तंभ उभा केला, तोही लाकडाचाच.

इथे एक गंमत आहे, आणि आमच्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. लाकडी स्तंभ पाहिला की वाटतं, तुकडे एकावर एक रचलेत. पण ते रचलेले नाहीत. एकाच ओंडक्यातून कोरलेले आहेत. म्हणजे मोड्यूल डोळ्याला आहे, हाताला नाही. एक तुकडा काढा म्हटलं तर करवत लागेल. आणि खोड जेवढं, तेवढीच उंची. नाव अंतहीन, पण अंत झाडाने ठरवलेला.

1935 च्या सुमारास तिर्गू जिऊ या गावाहून बोलावणं आलं. पहिल्या महायुद्धात तिथे पडलेल्या सैनिकांचं स्मारक हवं होतं. मागणी करणारी होती त्या जिल्ह्यातली बायकांची संघटना आणि तिच्या प्रमुख होत्या आरेतिया तातारेस्कू. गाव ब्रांकुशीच्या जन्मगावाजवळचंच. आता उंची हवी होती, म्हणून लाकूड सुटलं आणि श्तेफान जॉर्जेस्कू-गोर्जान हा अभियंता जोडीला आला. साच्यासाठी लागणारा लाकडी नमुना ब्रांकुशीने घडवला. तुकडे ओतले गेले पेत्रोशानच्या कारखान्यात, बिडाचे, आतून पोकळ. मधे पोलादाचा कणा उभा करून त्यावर ते मण्यांसारखे ओवले. 15 पूर्ण मोड्यूल, खाली-वर अपुरे तुकडे, एकूण उंची 29 मीटरच्या वर. प्रत्येक मोड्यूल 180 सेंटिमीटर उंच, फुगवट्यापाशी 90 रुंद, कमरेपाशी 45. एकास दोन, दोनास चार, बस्स.

चाकात लोखंड बाहेरून आवळतं, इथे पोलाद आत लपून उभं राहतं. फरक एवढाच.

कुणी म्हणेल, आपल्याकडे दीपमाळ आहे की! आहे, आणि तीही थरांवर थर चढवूनच होते. पण दीपमाळ वर जाताना निमुळती होते, शेवटी कळस येतो, नजर तिथे थांबते. ब्रांकुशीने निमुळतेपणा टाळला. वरचा तुकडा खालच्याएवढाच, आणि सर्वांत वरचा अर्ध्यावर कापलेला. नजरेला थांबायला जागा नाही. मेलेल्या पोरांच्या स्मारकाला कळस न देणं, हे आम्हाला त्या कामातलं सर्वांत धाडसी वाटतं.

1937 च्या अखेरीस स्तंभ उभा राहिला, पितळी झळाळी द्यायची बाकी होती. आणि 1938 च्या जानेवारीत ब्रांकुशी इंदुरात होता. यशवंतराव होळकर दुसरे यांनी त्याचे तीन ‘अवकाशातला पक्षी’ घेतले होते : एक ब्राँझचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. त्या पक्ष्यांसाठी एक छोटं ध्यानमंदिर बांधायचा बेत होता. वर्णनं अशी की खिडक्या नाहीत, जमिनीखालून वाट, आत पाण्याचं कुंड. पण 1937 मध्येच महाराणी संयोगिताराजे वारल्या होत्या. त्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या, म्हणजे आपल्याच या हमरस्त्यावरच्या गावच्या. ब्रांकुशी काही आठवडे राहिला आणि परत गेला. मंदिर झालं नाही.

दोष एकट्या महाराजांवर टाकणं सोपं आहे. आम्हाला तसं वाटत नाही. तिर्गू जिऊला मागणी धरून बसणाऱ्या बायका होत्या, कारखाना होता, हिशेब करणारा अभियंता होता. इंदूरचा बेत मुख्यतः दोन माणसांच्या मनात होता, आणि त्यातल्या एकाचं घर नुकतंच मोडलं होतं.

स्तंभाचंही सगळं सुरळीत झालं असं नाही. 1950 च्या दशकात तो पाडायचा प्रयत्न झाला. थोडा कलला, पडला नाही. 1990 च्या दशकात मोड्यूल एकेक करून उतरवले, आतला कणा तपासला, 2000 साली पुन्हा सगळं चढवून झालं. ओंडक्याच्या स्तंभाला हे शक्य नव्हतं. 2024 च्या जुलैत युनेस्कोने हे स्मारक जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, आणि ती बैठक भरली होती नवी दिल्लीत.

होळकरांचे दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संग्रहालयात आहेत, ब्राँझचा अमेरिकेत पॅसाडेनाला. ज्या माणिकबाग महालात महाराज राहायचे, तो इंदुरात उभा आहे. तिथे कर खात्याची कचेरी भरते.